रंगाआधी भिंत मोकळी करा : जुना वॉलपेपर काढण्याची रीत

बदलीचा हुकूम आला की क्वार्टरमध्ये पहिली धावपळ ट्रंका आणि पेट्यांची असते. भिंतींकडे लक्ष जाते ते अगदी शेवटी, मार्चिंग आउटचा दिवस तोंडावर आला की. दोन-तीन वर्षांपूर्वी हौसेने लावलेला फुलाफुलांचा वॉलपेपर तोवर कोपऱ्यांतून सुटलेला असतो, सोफ्यामागे फुगलेला असतो. मग कुणीतरी सोपा उपाय सुचवतो : 'काढता कशाला? वरूनच रंग मारून टाका.' हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये आणि घरच्या सुट्टीतही हाच सल्ला ऐकू येतो. तो का मानू नये, आणि कागद काढायचाच तर तो कसा काढावा, यासाठी हा लेख. कॅडेट मित्रांना यात थोडे रसायनशास्त्र सापडेल आणि पालकांना कदाचित बॅरॅक डॅमेजचे पैसे वाचवता येतील.

आज घरांत लावले जाणारे बहुतेक रंग इमल्शन असतात, म्हणजे त्यांत पाणी असते. वॉलपेपर ज्या खळीने चिकटवलेला असतो ती खळही पाण्यातच कालवलेली असते. वरून ओला रंग बसला की ते पाणी कागदातून आत उतरते, वाळलेली खळ पुन्हा मऊ होते, कागद ताणला जातो आणि फुगे येतात. रंग वाळताना काही फुगे बसतात, काही तसेच राहतात. दोन पट्ट्यांमधले सांधे तर रंगाखालूनही उठून दिसतात. पुढे कधीतरी कागद काढायची वेळ आली की वरचा रंग पाणी आतच जाऊ देत नाही, आणि अर्ध्या दिवसाचे काम तीन दिवसांचे होते. रंगाचा थर त्याच्या खालच्या थराइतकाच भक्कम असतो. खालचा थर सुटला की रंगही त्याच्याबरोबर येतो, मग डबा कितीही महागाचा असो.

कामाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारावा : इथे वॉलपेपर लावला कशासाठी होता? हौस म्हणून लावला असेल तर चिंता नाही. पण निदान मी पाहिलेल्या घरांत तरी बऱ्याच वेळा तो काहीतरी झाकण्यासाठी लावलेला असतो. कुठे बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवरची ओल असते. कुठे चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची भिंत असते, जिला पाठ टेकवली की गणवेशावर पांढरा ठसा उमटतो. कुठे गिलाव्यालाच भेग गेलेली असते. कागद काढल्यावर हे सगळे बाहेर येणारच. म्हणून दाराच्या मागे किंवा कपाटाआड, जिथे चटकन नजर जात नाही अशा जागी, एक कोपरा उचलून पाहावा. कुबट वास येतो का, हाताला भुकटी लागते का, गारवा जाणवतो का, हे पाच मिनिटांत कळते. किती दिवस राखून ठेवायचे याचा अंदाज त्यावरूनच येतो.

तोच कोपरा कागदाची जातही सांगतो. कोरडाच ओढल्यावर अखंड पट्टी सुटून आली तर तो न विणलेल्या तंतूंच्या पाठीचा कागद. त्याला फारसे पाणीही लागत नाही. नशीब समजा. वरचा गुळगुळीत थर सुटला आणि भिंतीवर पांढरट, खरखरीत कागद राहिला तर वरचा थर व्हिनाइलचा होता आणि राहिले ते त्याचे अस्तर. कागद तुकड्या-तुकड्यांनीच निघत असेल तर तो साधा कागद. आणि मागे चिकट गोंद असेल, ओला हात लावून काहीच फरक पडत नसेल, तर तो स्टिकरचा वॉलपेपर. हल्ली क्वार्टर्समध्ये जास्त करून हाच दिसतो, कारण तो लावायला खळ लागत नाही. त्याची रीत निराळी आहे, ती पुढे सांगतो.

आता पाण्याची बादली उचलण्याआधी वीज. ज्या भिंतीवर काम करायचे तिच्यावर स्विचबोर्ड असणारच. त्या खोलीचा एमसीबी खाली करा, आणि टेस्टरने किंवा दिवा लावून पाहून वीज खरोखर गेली आहे याची खात्री करा. जुन्या इमारतींत कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा हे पाटीवर लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये. शंका आली तर मेन स्विचच बंद करावा आणि उजेडात काम करावे. बोर्डावर प्लास्टिक ताणून चिकटपट्टीने चारही बाजू बंद कराव्यात. बोर्डाभोवतीची वीतभर जागा फवाऱ्याने न भिजवता पिळलेल्या ओल्या फडक्याने ओलावावी. कॅडेटनी हे काम शिक्षक, पालक किंवा इलेक्ट्रिशियन हजर असतानाच करावे, त्यात सूट नाही.

साध्या कागदाची रीत सोपी आहे, पण धीराची आहे. व्हिनाइल असेल तर वरचा थर आधी कोरडाच ओढून काढावा. उरलेल्या कागदावर कोमट ते गरम पाणी स्पंजने किंवा झाडांना फवारायच्या बाटलीने वरून खाली लावत यावे. बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे चमचाभर थेंब टाकावेत. त्याने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि पाणी कागदावरून ओघळून जाण्याऐवजी आत शिरते. एकदा भिजवून पाच मिनिटांनी पुन्हा भिजवावे, आणि मग दहा-पंधरा मिनिटे काहीही करू नये.

हे 'काहीही करू नये' आपल्या मुलांना सर्वांत जड जाते. हातात पत्रा आला की जोर लावायचाच, असे वाटते. पण खळ म्हणजे स्टार्च किंवा सेल्युलोजपासून बनवलेला तसाच पदार्थ. त्याच्या लांबलचक साखळ्या वाळताना कागदाला आणि भिंतीला धरून बसलेल्या असतात. पाण्याचे रेणू त्या साखळ्यांच्या मध्ये शिरले की ती पकड सुटते. शिरायला वेळ लागतो, आणि मनगटाच्या जोराने तो वेळ कमी होत नाही. गरम पाण्यात हे लवकर घडते म्हणून पाणी गरम घ्यायचे, इतकेच. नख लावल्यावर कागद साईसारखा सरकला की वेळ झाली असे समजावे. सरकला नाही तर पुन्हा भिजवावा.

पुट्टी भरायचा रुंद पत्रा भिंतीला जवळजवळ आडवा धरून कागदाखाली सरकवावा. उभा धरला की त्याचा कोपरा गिलाव्यात रुततो, आणि तो प्रत्येक ओरखडा पुढे पुट्टीने भरत बसावे लागते. नवा पत्रा असेल तर त्याचे दोन्ही टोकदार कोपरे पॉलिश पेपरवर घासून किंचित गोल करून घ्यावेत. सगळी भिंत एकदम भिजवू नये. दोन हात रुंदीचा पट्टा भिजवायचा, एकाने काढत जायचे आणि तोवर दुसऱ्याने पुढचा पट्टा भिजवायचा. दोघांची जोडी या कामाला उत्तम, तिसरा फक्त गप्पा मारतो. जमिनीवर प्लास्टिक आणि त्यावर जुनी चादर टाकावी. नुसत्या प्लास्टिकवर ओला कागद पडला की ते बर्फासारखे निसरडे होते.

कागदावर आधीच कुणी रंग मारला असेल तर पाणी आत जायला वाट करून द्यावी लागते. जाड्या पॉलिश पेपरने रंगाचा थर हलके घासावा, किंवा पत्र्याच्या धारेने हातभर अंतरावर आडव्या-तिरक्या रेघा ओढाव्यात. रेघ कागदापुरतीच हवी, गिलाव्यापर्यंत नको.

भिंत कशाची आहे याकडेही लक्ष हवे. सिमेंटच्या गिलाव्याला पाणी सोसते. जुन्या बॅरॅकमधल्या चुन्याच्या गिलाव्यालाही बेताचे पाणी चालते. पण भिंतीला पीओपी किंवा जिप्समचा लेप असेल तर पाणी जास्त झाले की तो लेपच मऊ पडतो आणि पत्र्याबरोबर उचलला जातो. जिप्सम बोर्डाची पार्टिशन भिंत तर आणखी नाजूक. बोर्डाच्या अंगावरच कागद असतो, आणि वॉलपेपर समजून तोही सोलून काढणारे लोक आहेत. बोटाने ठोकून पोकळ आवाज आला तर ती पार्टिशन समजावी. तिथे फवारा नको, ओला स्पंज पुरे.

आता स्टिकर. याचा गोंद पाण्यात विरघळत नाही, तो उष्णतेने मऊ होतो. केस वाळवायचा ड्रायर वीतभर अंतरावरून अर्धा मिनिट फिरवावा, कोपरा सोडवावा आणि पट्टी स्वतःच्याच अंगावर मागे दुमडून, भिंतीलगत, हळूहळू ओढावी. इथे ओढण्याच्या वेगाला महत्त्व आहे. असा गोंद धड घन नसतो आणि धड द्रवही नसतो. सावकाश ओढला की तो ताणून सुटतो. झटका दिला की तो घट्ट घनासारखा वागतो आणि खालच्या रंगाचा पोपडा घेऊन येतो. स्टिकरखाली डिस्टेंपर असेल तर पोपडे थोडेफार निघणारच, तेवढे धरून चालावे. ड्रायरला वीज लागते, म्हणून तो दुसऱ्या खोलीतल्या प्लगवरून घ्यावा आणि ओले काम चालू असलेल्या भिंतीजवळ मुळीच आणू नये. भिंतीवर राहिलेल्या गोंदाच्या गोळ्या अंगठ्याने चोळून काढाव्यात. खोबरेल किंवा निलगिरीचे तेल लावण्याचा सल्ला बरेच जण देतात. बरणीच्या लेबलाला तो ठीक आहे, पण भिंतीत तेल मुरले तर त्या जागी नवा रंग धरत नाही. थिनर आणि रॉकेल बंद खोलीत वापरू नये, त्यांची वाफ पेट घेते.

कागद निघाला म्हणजे काम झाले असे वाटते. माझ्या मते निम्मे राहिलेले असते. भिंतीवर खळीचा पातळ थर अजून असतो, तो वाळल्यावर डोळ्यांना दिसत नाही, आणि रंगाला पुढे तडे जातात ते बहुधा याच्यामुळे. रंगातल्या पाण्याने खळ फुगते, वाळताना आकसते आणि वरचा रंग जाळीसारखा तडकतो. भिंत ओली करून हात फिरवा. बुळबुळीत लागली तर खळ आहे. आपल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले आयोडीनचे द्रावण यासाठी फार उपयोगी पडते. स्टार्चची खळ राहिली असेल तर थेंबाच्या जागी निळा-काळा डाग पडतो. डाग तपकिरी-पिवळाच राहिला तर तिथे स्टार्च नाही. तयार पाकिटातल्या सेल्युलोजच्या खळीला मात्र हा निळा रंग येत नाही, तिथे हाताचीच परीक्षा खरी. कोमट पाण्याने आणि स्पंजने दोन-तीन वेळा भिंत पुसावी आणि पाणी वारंवार बदलावे. गढूळ पाण्याने पुसणे म्हणजे खळ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे.

कागदाखाली काळे-हिरवे ठिपके दिसले तर ती बुरशी. खळ हे तिचे अन्नच, आणि कसर व झुरळांचेही. ठिपके कोरडे खरवडू नयेत, त्यांचे बीजाणू हवेत उडतात. मास्क लावून, खिडक्या उघडून, ओल्या फडक्याने पुसून मग ब्लीचचे पातळ द्रावण लावावे. ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचे ॲसिड किंवा अमोनिया असलेले क्लीनर कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू विषारी असतो.

बुरशी आणि वॉलपेपरच्या नात्यावरून एक गोष्ट आठवते, आणि या मासिकाच्या वाचकांना ती आवडेल. १९व्या शतकात युरोपात हिरव्या रंगाचे वॉलपेपर फार लोकप्रिय होते. तो हिरवा रंग आर्सेनिकच्या संयुगाचा असे. ओलसर खोलीत अशा कागदावर बुरशी वाढली की तिच्यातून आर्सेनिकयुक्त वायू सुटतो, हे पुढे इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओने दाखवून दिले. नेपोलियन १८२१ साली सेंट हेलेना बेटावर ज्या लाँगवूड हाउसमध्ये वारला ते घर ओलीसाठी कुप्रसिद्ध होते. तिथल्या वॉलपेपरचा एका वहीत जपलेला तुकडा विसाव्या शतकात तपासला तेव्हा त्यात आर्सेनिक सापडले. सम्राट त्याने मेला असे मात्र नाही. त्याला पोटाचा कर्करोग होता असेच बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या क्वार्टरमधल्या कागदात आर्सेनिक नसते, पण कागदामागची ओल आणि बुरशी तीच असते.

म्हणून ओलीचा उगम शोधल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये. हातभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस-रात्र ठेवावा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या दमट हवेची करामत आहे, आणि तिथे खिडकी उघडी ठेवणे हाच उपाय. भिंतीतून येत असेल तर नळ, गच्ची किंवा बाहेरचा गिलावा पाहावा लागेल. सरकारी क्वार्टर असेल तर एमईएसकडे तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. क्षारांची पांढरी पावडर फुटली असेल तर ती कोरड्या ब्रशने झाडावी. पाण्याने धुतली तर क्षार विरघळून परत भिंतीतच जातात.

आता एक इशारा, आणि तो मी पालकांसाठी मुद्दाम राखून ठेवला आहे. जुन्या बॅरॅक, दवाखाने आणि शाळांच्या भिंतींना खाली छातीपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा असतो. पुष्कळदा वॉलपेपर त्याच्यावरच लावलेला असतो, आणि तिथला कागद पटकन निघतो, कारण तेलाचा थर खळ शोषत नाही. कागद सुटला की तो चकचकीत पट्टा घासून काढायची घाई होते. थांबा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे त्याहून कितीतरी जास्त असू शकते. भिंतीवर घट्ट बसलेला रंग सहसा त्रास देत नाही, त्रास देते ती घासताना उडणारी धूळ. ती जमिनीवर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते आणि तोंडात जाते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून जुना ऑइल पेंट कधीही कोरडा घासू नये, मशीनने तर नाहीच. तो घट्ट असेल तर पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने चमक जाईल इतपतच ओला घासावा, चिखल फडक्याने टिपून पिशवीत बांधावा, आणि काम चालू असताना गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना घराच्या दुसऱ्या भागात ठेवावे. जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

पट्ट्याच्या वरच्या भागात चुना किंवा डिस्टेंपर निघाला तर चिकटपट्टीचा एक तुकडा दाबून लावावा आणि ओढावा. पट्टीला पावडर आली तर तो थर ओला करून पत्र्याने खरवडून काढावा लागेल. कंटाळवाणे आहे, पण त्याला फाटा नाही.

यानंतर भिंत वाळू द्यावी. उन्हाळ्यात, पंखा चालू ठेवून, दोन-तीन दिवस. पावसाळ्यात शक्यतो हे काम काढूच नये. पुट्टीचे दोन हात द्यावेत, ती वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने एकसारखी करावी, आणि ही धूळसुद्धा मास्क लावूनच घासावी. मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात, प्रत्येक हाताच्या मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ. हा भाग रंगारी आपल्यापेक्षा चांगला जाणतात, त्यात लेखकाने फार डोके घालू नये.

निघालेल्या ढिगाचे काय? साधा कागद ओल्या कचऱ्यात चालतो. व्हिनाइल आणि स्टिकर हे पीव्हीसी असतात. मेसच्या मागे काटक्यांबरोबर ते पेटवून देण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो घसा व डोळे जाळतो. ते कोरड्या कचऱ्यात वेगळे बांधून द्यावेत. शिशाच्या शंकेची फडकी आणि वॉटर पेपर यांची पिशवी त्यांच्यात मिसळू नये. तिच्यावर चिठ्ठी लावून ती इस्टेट विभागाकडे सोपवावी.